मायकेल फॅरडे



गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. शास्त्राचा तास संपत आला असतां आठवीच्या वर्गांतील एका मुलानें उभें राहून एक शंका विचारली. गिरीजला त्याचें घर. त्याचे आजोबा रोज सायंकाळीं ओटीवर बसून आपला जुना, सेलवर चालणारा रेडिओ ऐकतात. शेजारच्या घरीं नुकतीच विजेवर चालणारी रिक्षा आली होती. दिवसभर भाडें मारून ती रिक्षा संध्याकाळीं चार्जिंगला लागली कीं आजोबांच्या रेडिओंतून बातम्यांच्या ऐवजीं नुसती खरखर ऐकूं येई, आणि चार्जरचें बटण बंद केलें कीं ती खरखर तत्काळ थांबे. दोन्ही घरांच्या मध्यें केळींची एक अख्खी रांग आहे. रेडिओची कोणतीहि तार त्या चार्जरला जोडलेली नाहीं. मग ही खरखर येते तरी कोठून, असें त्याला विचारावयाचें होतें. शेजारी हें मुद्दाम करतो अशी आजोबांची समजूत झाली होती. आणि पिढ्यान् पिढ्या एका विहिरीचें पाणी पिणाऱ्या त्या दोन घरांत एवढ्याशा कारणावरून अबोला धरण्याची वेळ आली होती.

वर्गांत कांहीं मुलें हंसलीं. मला मात्र तो प्रश्न फार मोलाचा वाटला. कारण त्याचें उत्तर ज्या पुरुषानें शोधून काढलें, त्याला शाळेचें शिक्षण नांवापुरतेंच मिळालें होतें, आणि त्याला मरून आज दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्याचें नांव मायकेल फॅरडे. त्याचें चरित्र या अंकांत तुम्हांला सांगावें असें मीं त्याच दिवशीं मनांत ठरविलें.

लंडन शहराच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स नांवाची वस्ती होती. तेथें २२ सप्टेंबर १७९१ रोजीं मायकेलचा जन्म झाला. बाप जेम्स हा धंद्यानें लोहार. उत्तरेकडील वेस्टमोरलंड प्रांतांतून पोटासाठीं लंडनला आलेला. त्याची प्रकृति वारंवार बिघडे, आणि भात्यापुढें दिवसभर उभें राहणें त्याला जमत नसे. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ सालीं इंग्लंडांत धान्य अतिशय महाग झालें. त्या दिवसांत मायकेलच्या वांट्यास आठवड्याला एक पाव येई, आणि तो त्याला पुढच्या आठवड्यापर्यंत पुरवून खावा लागे. लिहिणें, वाचणें आणि व्यवहारापुरतें अंकगणित, एवढ्यावर त्याचें शालेय शिक्षण आटोपलें. वरचें गणित त्याला शेवटपर्यंत आलें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवा.

हें कुटुंब सँडेमनी नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळींतील होतें. साधेपणानें राहावें आणि पैशाचा सांठा करूं नये, अशी त्या मंडळींतील लोकांची शिकवण होती. घरांत पैसा नव्हता हें खरें, पण शिस्त होती, आणि एकमेकांविषयीं माया होती. त्या शिदोरीवर मायकेल पुढें जन्मभर चालला.

वयाच्या तेराव्या वर्षीं, म्हणजे १८०४ सालीं, तो जॉर्ज रीबो नांवाच्या पुस्तकविक्याच्या दुकानांत पोऱ्या म्हणून राहिला. गिऱ्हाइकांच्या घरीं वर्तमानपत्रें पोंचवावयाचीं, त्यांचीं वाचून झालीं कीं तींच परत आणून दुसऱ्याकडे न्यावयाचीं, असें तें काम. पुढल्या वर्षीं मालकानें त्याला पुस्तकें बांधण्याच्या कामावर सात वर्षांच्या करारानें उमेदवार म्हणून घेतलें. आणि मुलाचा प्रामाणिकपणा पाहून त्याच्याकडून उमेदवारीची फी घेतली नाहीं.

दुकानांत बांधावयास येणारीं पुस्तकें बहुतेक उमेदवार नुसतीं शिवीत आणि चिकटवीत. मायकेल तीं वाचीत असे. ब्रिटानिका विश्वकोशांतील विजेवरील लेख त्याच्या हातीं असाच आला. जेन मार्सेट या बाईंनीं सामान्य वाचकांसाठीं रसायनशास्त्रावर लिहिलेलें पुस्तकहि त्यानें असेंच वाचलें. पुस्तकांत लिहिलें आहे तेवढ्यावर त्याचें समाधान होत नसे. खिशांतील चार पेन्यांतून जें साहित्य येई त्यावर तो ते प्रयोग स्वतः करून पाही. त्या काळीं टेटम नांवाचे एक गृहस्थ शास्त्रीय विषयांवर व्याख्यानें देत. दर व्याख्यानाची फी एक शिलिंग असे. मायकेलजवळ शिलिंग कोठून असणार? थोरला भाऊ रॉबर्ट हाहि लोहारकामच करी. त्यानें आपल्या मजुरींतून धाकट्या भावाला ती फी दिली. जगाला मिळालेल्या विजेच्या देणगींत त्या लोहाराच्या शिलिंगाचाहि वांटा आहे.

१८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें या होतकरू मुलाला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. व्याख्याता होता सर हंफ्री डेव्ही, त्या काळचा सर्वांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलनें चार व्याख्यानें ऐकलीं, त्यांचीं टिपणें काढलीं, घरीं येऊन तीं सुवाच्य अक्षरांत आकृत्यांसह पुन्हां लिहिलीं, आणि आपल्या हातानें त्यांचें सुंदर पुस्तक बांधलें. तें पुस्तक त्यानें वर्षाच्या अखेरीस डेव्हीकडे पाठविलें, आणि शास्त्राच्या सेवेंत कांहीं काम मिळाल्यास द्यावें अशी विनंती केली. डेव्हीनें त्याला सौजन्यानें भेट दिली, परंतु त्या वेळीं जागा नव्हती. पुढें प्रयोगशाळेंतील एका नोकराला मारामारीबद्दल काढून टाकावें लागलें, आणि मार्च १८१३ मध्यें मायकेल त्याच्या जागीं लागला. पगार आठवड्याला २५ शिलिंग आणि राहावयास माडीवर दोन खोल्या. त्या इमारतीशीं त्याचा संबंध जुळला तो जवळजवळ जन्माचाच.

त्याच वर्षीं डेव्ही युरोपच्या प्रवासास निघाला, व मायकेलला त्यानें बरोबर घेतलें. दीड वर्षाच्या या प्रवासांत पॅरिस येथें अँपियर व मिलान येथें व्होल्टा अशा थोर पुरुषांचें दर्शन त्याला घडलें. उलट डेव्हीची पत्नी त्याला चाकरासारखें वागवी. हा अपमान त्याला झोंबे. पण शिकण्याची संधि जाऊं नये म्हणून त्यानें तो गिळला. एकाच प्रवासांत मानहि मिळतो आणि अवमानहि मिळतो. त्यांतून काय उचलावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें.

१८२० सालीं डेन्मार्कमधील ओर्स्टेड यानें एक चमत्कार प्रसिद्ध केला. तारेंतून विजेचा प्रवाह सोडला असतां जवळची होकायंत्राची सुई हालते, असें त्यानें दाखविलें. म्हणजे विजेपासून चुंबकत्व निर्माण होतें. पुढल्याच वर्षीं फॅरडेनें प्रवाह वाहणारी तार लोहचुंबकाभोंवतीं एकसारखी फिरत राहील अशी योजना करून दाखविली. विजेवर चालणाऱ्या मोटारीचें हेंच पहिलें रूप. तुमच्या घरांतील पंखा आणि त्या शेजाऱ्याची रिक्षा हीं त्याच तारेचीं नातवंडें होत.

या यशाबरोबर एक दुःखहि आलें. वोलस्टन नांवाच्या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञानेंहि या प्रश्नावर विचार चालविला होता. फॅरडेनें आपला निबंध घाईनें छापतांना त्याचा उल्लेख केला नाहीं. आणि त्यानें दुसऱ्याची कल्पना चोरली अशी कुजबुज सुरू झाली. दोघांच्या कल्पना वेगळ्या होत्या. तरी उल्लेख राहिला ही चूक त्याला फार लागली. तो स्वतः वोलस्टनकडे गेला, आणि मोकळेपणानें बोलून त्यानें तें प्रकरण मिटविलें. १८२४ सालीं रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं त्याचें नांव पुढें आलें, तेव्हां अध्यक्ष असलेल्या डेव्हीनेंच विरोध केला. तरीहि फॅरडे निवडून आला. ज्या गुरूनें हात दिला त्यानेंच वाट अडविली. परंतु फॅरडेनें त्याच्याविषयींचा आदर शेवटपर्यंत सोडला नाहीं.

आतां त्याच्या आयुष्यांतील सर्वांत मोठ्या दिवसाकडे येऊं. विजेपासून चुंबकत्व होतें, तर चुंबकत्वापासून वीज कां होऊं नये? हा प्रश्न १८२२ पासून त्याच्या वहींत लिहिलेला होता. नऊ वर्षें अधूनमधून प्रयत्न करूनहि उत्तर आलें नाहीं. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें मऊ लोखंडाचें एक कडें घेतलें. तें सहा इंच व्यासाचें होतें. त्याच्या एका बाजूस तांब्याच्या तारेचें वेटोळें घातलें, दुसऱ्या बाजूस दुसरें. तारेचे वेढे एकमेकांस लागूं नयेत म्हणून मध्यें कापड व सुतळी घातली. दोन वेटोळ्यांचा एकमेकांशीं कोठेंहि स्पर्श नव्हता. पहिलें वेटोळें विद्युत्घटाला जोडावयाचें. दुसऱ्याच्या तारेपाशीं चुंबकाची सुई ठेवलेली. प्रवाह सुरू करतांच सुई हालली आणि पुन्हां जागेवर आली. प्रवाह चालू असेपर्यंत ती स्वस्थ राहिली. प्रवाह तोडतांच ती पुन्हां हालली, पण उलट दिशेस.

या क्षणभराच्या हालचालींत सगळें मर्म आहे. प्रवाह नुसता असून भागत नाहीं. तो बदलावा लागतो. बदलता प्रवाह आपल्याभोंवतींचें चुंबकत्व बदलतो, आणि बदलतें चुंबकत्व शेजारच्या तारेंत, स्पर्शावांचून, विजेचा दाब उत्पन्न करतें. बदल जितका जलद तितका हा दाब अधिक. यालाच विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन म्हणतात. इतके दिवस सगळे शास्त्रज्ञ स्थिर प्रवाहाकडे पाहत बसले होते; म्हणून त्यांना कांहीं दिसलें नव्हतें. त्याच वर्षीं १७ ऑक्टोबरला त्यानें वेटोळ्यांत लोहचुंबक आंतबाहेर हालवून वीज उत्पन्न केली, आणि २८ ऑक्टोबरला चुंबकाच्या दोन टोंकांमध्यें तांब्याची चकती फिरवून अखंड प्रवाह मिळविला. जगांतील विजेच्या कारखान्यांतील प्रचंड जनित्रें त्याच तत्त्वावर चालतात.

आपल्या वसईवरून धांवणाऱ्या गाड्यांचेंच पाहा. मुंबईंत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर धांवली. चर्चगेटहून बोरिवलीपर्यंत १९२८ सालीं, आणि तेथून विरारपर्यंत १९३६ सालीं वीज आली. आरंभीं या तारांत १५०० व्होल्टचा एका दिशेनें वाहणारा प्रवाह होता. २०१२ सालीं आपल्या मार्गावर २५,००० व्होल्टच्या, दिशा बदलणाऱ्या प्रवाहाचा पालट पूर्ण झाला. असा बदलता प्रवाह रुळांच्या कडेनें जाणाऱ्या टेलिफोनच्या तारांत आपोआप दाब उत्पन्न करतो. म्हणून अशा मार्गावर त्या तारा उघड्या न ठेवतां, धातूचें वेष्टण असलेल्या केबलींतून जमिनीखालून नेतात. फॅरडेच्या सुईची उडी आणि टेलिफोनमधील घरघर ही एकच गोष्ट आहे.

आतां आपल्या विद्यार्थ्याच्या आजोबांच्या रेडिओचें उत्तर समजेल. घरीं येणारी वीज सेकंदाला ५० वेळां पुढेंमागें होते. बॅटरीला एका दिशेची वीज लागते. चार्जर प्रथम तिची दिशा एक करतो, आणि मग अर्धवाहकाच्या चिमुकल्या खटक्यांनीं तो प्रवाह सेकंदाला हजारों, कधीं लाखाहून अधिक वेळां तोडतो व जोडतो. असें कां करावें? इतक्या जलद तोडजोडीमुळें आंतील ट्रान्सफॉर्मर अगदीं लहान व हलका पुरतो. नाहींतर तो कित्येक किलो वजनाचा करावा लागला असता. परंतु प्रत्येक तोडजोड म्हणजे फॅरडेच्या कड्यावरील एक झटका. हे झटके केबलींतून घरच्या तारांत शिरतात, आणि त्या लांब तारा आकाशवाणीच्या मनोऱ्याप्रमाणें त्यांच्या लहरी हवेंत फेंकतात. यालाच विद्युत्-चुंबकीय व्यत्यय म्हणतात. रस्त्यावरच्या मोठ्या चार्जिंग स्टेशनांत तर शंभराहून अधिक अँपियरचा प्रवाह मोटारींत भरला जातो. शिवाय त्याच केबलींतील एका बारीक तारेवरून स्टेशन आणि मोटार हीं सेकंदाला १००० ठोक्यांच्या एका खुणेनें एकमेकांशीं बोलत असतात. पुराच्या लोंढ्याशेजारीं कुजबुज चालावी तसा हा प्रकार. ती कुजबुज गोंगाटांत बुडाली तर चार्जिंग मध्येंच बंद पडतें.

रोगाचें कारण ज्यानें सांगितलें त्यानेंच औषधहि ठेवून दिलें आहे. १८३६ सालच्या जानेवारींत फॅरडेनें रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहांत बारा फूट लांब, बारा फूट रुंद व तितकीच उंच अशी एक लांकडी चौकट उभारली. तिच्यावर तांब्याची तार, कागद आणि कथिलाचा पत्रा चढविला, आणि सगळा पिंजरा जमिनीपासून अलग ठेवला. मग मोठ्या विद्युत्-यंत्रानें त्याला इतकी वीज दिली कीं बाहेरच्या अंगास ठिणग्या उडूं लागल्या. तो स्वतः आंत जाऊन बसला. जवळ पेटत्या मेणबत्त्या आणि वीज ओळखणारीं नाजूक उपकरणें होतीं. बाहेर ठिणग्यांचा कडकडाट चालला असतां आंत कोणत्याहि उपकरणाला विजेचा मागमूस लागला नाहीं. वीज धातूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर राहते, आंत शिरत नाहीं, हें त्यानें आपला जीव मध्यें बसवून सिद्ध केलें. आजहि या रचनेला फॅरडेचा पिंजरा म्हणतात. आपल्याकडे वळवाच्या पावसांत विजा कडकडतात, तेव्हां पत्र्याच्या बंद मोटारींत बसलेला मनुष्य पुष्कळसा सुरक्षित असतो, तो याच कारणानें.

जो पिंजरा बाहेरची वीज आंत येऊं देत नाहीं, तोच नीट बंद केला व जमिनीशीं जोडला तर आंतला गोंगाट बाहेर जाऊं देत नाहीं. म्हणून चांगल्या चार्जरची पेटी धातूची असते. तिच्या दाराच्या फटींत वीजवाहक पट्टी बसवितात. कारण लांब फटींतून लहरी निसटतात. केबलीवर तारेच्या जाळीचें वेष्टण घालतात, आणि तें दोन्ही टोंकांस सर्व बाजूंनीं पेटीला चिकटवितात. दुसरा उपाय कड्याचा. फेराइट नांवाच्या चुंबकीय द्रव्याचें कडें घेऊन जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा त्याच्यावर एकाच रीतीनें गुंडाळतात. कामाची वीज एकीतून जाते व दुसरींतून परतते, म्हणून तिचा परिणाम कड्यांत शून्य होतो आणि ती अडत नाहीं. गोंगाट मात्र दोन्ही तारांतून एकाच दिशेनें पळूं पाहतो. त्याला कडें रोखून धरतें. १८३१ सालचें लोखंडी कडें असें पुन्हां कामास आलें आहे. तिसरा उपाय कंपॅसिटरचा. तो जलद झटक्यांना जमिनीकडे वाट करून देतो, व मंद प्रवाहाला जागच्या जागीं ठेवतो. कंपॅसिटरची शक्ति ज्या एककांत मोजतात त्याचें नांव फॅरड. १८८१ सालच्या पॅरिस येथील विद्युत् परिषदेनें तें मान्य केलें. कडें, पिंजरा आणि फॅरड : चार्जरच्या पेटींत हा लोहाराचा मुलगा तीन ठिकाणीं बसलेला आहे.

अशा व्यत्ययाला मर्यादा घालण्यासाठीं १९३४ सालीं एक आंतरराष्ट्रीय समिति स्थापन झाली, आणि तिनें ठरविलेल्या मापांवर आज वाहनें व चार्जर तपासले जातात. आपल्या पुण्यास १९६६ पासून असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्यें ही तपासणी होते. त्यासाठीं अख्खी मोटार धातूनें मढविलेल्या खोलींत उभी करतात. बारा फुटांचा पिंजरा वाढून आतां मोटारीएवढ्या खोल्या झाल्या आहेत, इतकेंच.

फॅरडेचें पुढील आयुष्य थोडक्यांत सांगतों. १८३३–३४ सालीं त्यानें विजेनें पदार्थांचें पृथक्करण होण्याचे नियम शोधले. फार श्रमामुळें १८४० च्या सुमारास त्याची प्रकृति ढासळली, आणि स्मरणशक्ति दगा देऊं लागली. तरीहि १८४५ सालीं त्यानें चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो असें दाखविलें. चुंबकाभोंवतीं शक्तीच्या रेषा पसरलेल्या असतात, असें चित्र त्याच्या डोळ्यांपुढें सदा असे. गणिती लोक त्या रेषांकडे साशंकपणें पाहत. कारण त्यांत समीकरण नव्हतें. पुढें जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण गणितज्ञानें त्याच रेषांना गणिताची भाषा दिली, आणि त्यांतून विद्युत्-लहरींचें भाकित केलें. १८८८ च्या सुमारास जर्मनीच्या हर्ट्झनें त्या लहरी प्रत्यक्ष दाखविल्या. रेडिओ त्यांतूनच निघाला. म्हणजे आजोबांचा रेडिओहि फॅरडेचा, आणि त्यांतली खरखरहि फॅरडेचीच.

दर नाताळांत रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं व्याख्यानमाला होई. १८२७ ते १८६० या काळांत फॅरडेनें ती १९ वेळां चालविली. एका साध्या मेणबत्तीवर त्यानें दिलेलीं व्याख्यानें १८६१ सालीं पुस्तकरूपानें निघालीं, आणि आजहि वाचलीं जातात. व्यापारी कामें करून तो श्रीमंत होऊं शकला असता. तीं त्यानें संशोधनासाठीं सोडलीं. दीपगृहांच्या सुधारणेसाठीं मात्र त्यानें अनेक वर्षें काम केलें, कारण त्यांत खलाशांचे प्राण होते. क्रिमियाच्या युद्धांत विषारी वायु वापरण्याविषयीं सरकारनें विचारलें, तेव्हां त्यानें त्यांत भाग घेण्याचें नाकारलें. सरदारकीची पदवी त्यानें घेतली नाहीं; रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदहि घेतलें नाहीं. १८२१ सालीं सेरा बर्नार्ड हिच्याशीं त्याचें लग्न झालें होतें. त्यांना मूल झालें नाहीं, पण संसार अत्यंत सुखाचा झाला. १८५८ सालीं राणीनें त्याला हॅम्प्टन कोर्ट येथें राहावयास घर दिलें. तेथें २५ ऑगस्ट १८६७ रोजीं, आपल्या खुर्चींत बसला असतांच, त्याचें देहावसान झालें. हायगेटच्या दफनभूमींत त्याची साधी कबर आहे.

आतां गिरीजच्या त्या दोन घरांकडे परत येऊं. आमच्या ओळखीचा एक वायरमन मीं त्या मुलाबरोबर पाठविला. त्याला असें आढळलें कीं चार्जरची तार आंखूड पडली म्हणून मध्यें एक जुनी दोन तारांची जोडणी वापरलेली होती. अर्थिंगची तिसरी तार तिच्यांत नव्हतीच. गोंगाटाला जमिनीकडे जाण्याची वाट नसल्यामुळें तो घरच्या तारांतून फिरत होता. एवढ्यावर भागलें असतें तर फार बिघडलें नसतें. परंतु चार्जरच्या पत्र्याला हात लागला कीं मुंग्या येतात, असें घरांतील मुलें सांगत होतीं, आणि कोणी तिकडे लक्ष दिलें नव्हतें. आंतील एखादी तार सुटून पत्र्याला लागली असती, तर ओल्या अंगणांत अनवाणी उभ्या असलेल्या मुलाचे प्राण गेले असते. वायरमननें नवी तीन तारांची जोडणी केली, अर्थिंग तपासलें, आणि तारेवर एक फेराइटचें कडें बसविलें. खरखर पुष्कळच कमी झाली. रेडिओची ती तक्रार शेजाऱ्याच्या घरावरील संकटाची सूचना होती, हें आजोबांनाहि पटलें. त्या संध्याकाळीं ते स्वतः शेजाऱ्याच्या अंगणांत गेले, असें त्या मुलानें मला सांगितलें.

मुलांनो, यांतून काय घ्यावें? गणितांत कच्चे आहों म्हणून शास्त्र आपल्यासाठीं नाहीं, असें समजूं नका. ज्या गोष्टीला सगळे कटकट म्हणतात तिच्यापाशीं थांबून हें असें कां, एवढें विचारा. उत्तर नऊ वर्षांनीं आलें तरी प्रश्न वहींतून पुसूं नका. आणि पालकांसहि एक विनंती आहे. वाडींत, दुकानांत किंवा रिक्षेवर मुलाचा हात लागला तर घराला मदत होते, हें मला ठाऊक आहे. मायकेलहि तेराव्या वर्षीं कामाला लागला होता. परंतु त्याचा मालक त्याला वाचूं देत असे, आणि त्याच्या भावानें एका व्याख्यानासाठीं एक शिलिंग दिलें. तुमच्या मुलानें एखादा वेडा वाटणारा प्रश्न विचारला, तर त्याला हंसूं नका. त्या प्रश्नासाठीं आपल्या मजुरींतून एक शिलिंग काढून ठेवा.